हळदीचा नेम

आमच्या गावात मोबाईलला रेंज मिळते ती फक्त शाळेच्या वरच्या पायरीवर. मेढ्याहून वर चढत गेलं की डोंगराच्या कुशीत आमचं गाव लागतं. तिथे ज्याला कुणाशी बोलायचं असेल त्याने त्या पायरीवर जाऊन उभं राहायचं, म्हणजे याचं कुणाशी तरी काहीतरी चाललंय हे अख्ख्या गावाला आपोआप कळतं. भाताच्या खाचराचा बांध फुटला होता म्हणून मी दोन-चार दिवसांसाठी गावी गेलो होतो. सकाळी पायरीवर चढलो तर फोन टिंगटिंग करत सुटला. सगळे प्रज्ञाचे मिस्ड कॉल, म्हणजे आमच्या सन्मतीकडे कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या पोरीचे. उलटा फोन लावला तर ती बोलेचना. मी म्हटलं, "अगं, बोल की! कॉम्प्युटर बिघडला काय?" तर म्हणाली, "काका, सन्मतीदादा गेले." आणि मी विचारलं, "कुठे गेला?" ... उभी हयात फौजेत काढली, अशा बातम्या ऐकल्या, स्वतः जाऊन दिल्या, आणि माझ्या तोंडून बाहेर काय पडावं, तर "कुठे गेला?" मिरजेच्या दवाखान्यात पहाटे त्याचं हृदय थांबलं होतं. चाळिशी नुकती ओलांडलेला माणूस. त्या पायरीवर मी किती वेळ बसलो मला आठवत नाही, पण फोन करायला आलेली दोन माणसं मला बघून न बोलताच परत गेली.

आता जरा दिवस गेलेत, तेव्हा लिहायला बसलोय. माणूस गेला की वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याचा देव करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. सन्मतीचा देव करायचा माझा विचार नाही. ज्या माणसाने आपल्याला जेवायला बोलवावं आणि आपण गेल्यावर "अरे, सुभेदार! आज कसं काय येणं केलंत?" असं विचारावं, त्याचा देव होत नाही. तो माझ्या गल्लीत राहायचा. सांगलीतल्या एका जुन्या हळद-व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा, जातिवंत जैन घरातला, आणि उद्योग काय, तर बंदुकीचा खेळ बनवायचा. कॉम्प्युटरवरचा. पडद्यावर आपल्याला फक्त बंदूक आणि ती धरणारे हात दिसतात. आपणच पळायचं, आपणच लपायचं, आपणच गोळ्या झाडायच्या, असला. त्याच्या त्या खेळाचं नाव 'उधळ गड्या'. तुमच्या घरात कुणी कॉलेजात असेल तर त्याला विचारा, माहीत असेल. आणि नसेल तर सांगा त्याला, की आपल्या सांगलीत बनलाय. छाती पुढे काढून सांगा. मी तर रिक्षावाल्यालासुद्धा सांगतो.

आमची ओळख झाली ती बंदुकीमुळेच. बायको मिरजेला दवाखान्यात नर्स, म्हणून निवृत्तीनंतर मी डोंगर सोडून सांगलीत घर केलं. नवीनच होतो. एका रविवारी हा दारात उभा. पायात एक चप्पल निळी, एक काळी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट प्रश्न. "सुभेदार, बंदूक उडाली की खांद्याला नेमकं काय होतंय वो?" फौजी माणसाला असं कुणी अनोळखी विचारायला लागला की आधी कान उभे राहतात. मी म्हटलं, "तुला कशाला पायजे?"

"खेळ बनवतोय. गोळीबाराचा."

"म्हणजे पोरं नासवायचा धंदा!"

"न्हाई वो. माझ्या खेळात कुणीच मरत न्हाई."

"मग गोळीबार कशाला करतोस लेका? टाळ्या वाजव की!"

तो माझ्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. सन्मतीला उभ्याने हसता यायचंच नाही. हसू आलं की आधी बुड टेकायला जागा शोधायचा, ती नाही मिळाली तर जमिनीवर बसायचा. डोळ्यांतून पाणी काढून म्हणाला, "हे वाक्य घेऊ का मी खेळात?" मी म्हटलं, घे बाबा. आणि त्याने खरंच घेतलं. खेळ सुरू होताना एक मिशीवाला हवालदार ओरडतो ना, तो आवाज माझा आहे. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, घरात ओरडायचात ते तरी फुकट होतं, आता लोक पैसे देऊन ऐकतात.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. निवृत्त फौजी भेटला की लोक एकच प्रश्न विचारतात. लग्नात विचारतात, बारशात विचारतात, ताटावर बसलेलं असताना विचारतात... "किती मारले?" चांगली शिकलेली, सभ्य माणसं विचारतात, डोळे चमकवत. सन्मतीने मला इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी विचारला नाही. बंदुकीबद्दल त्याने मला हजार गोष्टी विचारल्या. दस्ता खांद्याला कसा लागतो, श्वास कधी धरायचा, पळून आल्यावर नेम किती हलतो, मॅगझिन बदलताना नवा गडी कुठे घोटाळतो. फायरिंग रेंजवर मी रंगरूटांना जे शिकवायचो ते सगळं याला त्याच्या वरच्या खोलीत शिकवलं, झाडू खांद्याला लावून. पण तो एक प्रश्न त्याने विचारला नाही. मीही आपणहून काही सांगितलं नाही. आमची दोस्ती त्याच न विचारण्यावर उभी होती, असं मला आता वाटतं.

ती वरची खोली म्हणजे त्याच्या वडिलांचं हळदीच्या नमुन्यांचं कोठार. वडील जाऊन वर्षं झाली, धंदा चुलत्यांकडे गेला, पण भिंतींनी वास सोडला नव्हता. तिथे तीन कॉम्प्युटर, खेळातली चित्रं काढणारी आमची प्रज्ञा, जमिनीवर वायरींचा गुंता आणि जिकडेतिकडे सांडलेलं भडंग. सन्मती एका हाताने काम करायचा आणि दुसऱ्याने भडंग खायचा. प्रज्ञा ओरडायची, "दादा, कीबोर्डात शेंगदाणा अडकलाय!" खाली स्वयंपाकघरात त्याची आई. तो तिला अव्वा म्हणायचा, म्हणून गल्लीच्याही त्या अव्वाच. नाजूक अंगकाठी, पण नजर अशी की आमच्या कमांडिंग ऑफिसरनेही बूट तपासून घ्यावेत. पाणी गाळल्याशिवाय प्यायच्या नाहीत, चातुर्मासात कांदा-बटाटा घरात यायचा नाही, दिवस मावळल्यावर तोंडात घास जायचा नाही आणि कुणाला जाऊ द्यायच्या नाहीत. मुंगीला वाट द्यायला थांबणारी बाई. तिच्या पोटचा पोरगा माडीवर बसून बंदुका बनवतोय! खेळ सुरू झाला त्या दिवसापासून अव्वांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. बोलवायचं असलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत यायच्या आणि तिथून हाक मारायच्या.

मायलेकांचा वाद मी माझ्या कानांनी ऐकलाय. अव्वा म्हणाल्या, "पिठाचा कोंबडा करून कापला तरी पाप लागतंय, ही गोष्ट तुला लहानपणी कुणी सांगितली?"

"तूच सांगितलीस, अव्वा. म्हणूनच कापत न्हाई मी. हळद मारतोय नुसती."

"नेम धरतोस न्हवं? मग झालं. मनात आणलं तिथंच पाप झालं."

सन्मती वर कामाला निघून गेला. पण विसरला नाही. बाहेरच्या कुणी टीका केली की तो खांदे उडवायचा. अव्वांचं वाक्य मात्र त्याच्या पायात काट्यासारखं रुतून राहिलं. माझ्याजवळ तो मोकळं बोलायचा. म्हणायचा, "सुभेदार, खेळ चालला काय, पडला काय, मला बाकी कशाचं न्हाई. अव्वानं एकदा वर येऊन हातात घ्यावा. एकदाच. तिला पटलं की मी जिंकलो." साऱ्या खटाटोपामागे त्याचं मागणं हे एवढंच होतं.

खेळ कसा होता ते सांगतो, कारण मी इतका हसलोय की माझ्या ऑपरेशनच्या ओल्या टाक्यांना धोका पोचला होता. गोष्ट साधी. एका गावात भेसळवाल्यांची टोळी शिरलीय, चांगल्या हळदीत रंग मिसळतायत. आपण गावचा गडी. पाठीला द्राक्षबागेतला फवारणीचा पंप, त्यात औषधाऐवजी हळद. समोर टोळीवाला आला की धरा नेम आणि उडवा. लागला की तो नखशिखांत पिवळा होतो, सटासट शिंकतो, हत्यार टाकतो आणि तोंड पुसायला फडकं शोधत फिरतो. दुसरी बंदूक भडंगाची. ती लागली की टोळीवाला लढाई सोडून खाली बसतो आणि वेचून वेचून खायला लागतो, वर मालकाला ओरडून सांगतो, "लिंबू कमी हाय!" एक लढाई जमिनीखालच्या पेवात होते. हरिपूरला हळद साठवायला पेवं खणायचे, तसल्या अंधाऱ्या खड्ड्यात. तिथे शिंक आली की सगळ्यांना पत्ता लागतो, म्हणून शिंक दाबत लढायचं. धावपळ अशी, की माझ्यासारख्या कवायतीच्या माणसालासुद्धा धाप लागावी, आणि हसू असं, की नेम चुकावा.

आणि दिवस मावळला की लढाई बंद. हे कसं झालं त्याची गंमत आहे. खेळाच्या शेवटच्या दरवाज्यावर खाटेवर झोपलेला एक आळशी पहारेकरी आहे. त्याच्या आवाजासाठी एका नाटकवाल्या पोराला बोलावलं होतं, तो आलाच नाही. मग सन्मती स्वतः जमिनीवर आडवा पडला, माईक छातीवर ठेवला आणि झोपाळू आवाज काढायला लागला. रेकॉर्डिंग ऐन रंगात, आणि जिन्यातून अव्वांची हाक आली, "सन्मती! दिवस मावळाय लागला. जेवून घ्या रं सगळी!" आणि पडल्या पडल्या, त्याच झोपाळू आवाजात, सवयीने हा ओरडला, "आलो, अव्वा, आलो!" दुसऱ्या दिवशी प्रज्ञा ते पुसायला बसली आणि ऐकता ऐकता थांबली. म्हणाली, दादा, हे पुसायचं नाही. तेव्हापासून त्या खेळात सूर्य कलला की कुठूनतरी अव्वांची हाक येते, "जेवून घ्या रं सगळी!" टोळीवाले, गाववाले, सगळे हत्यारं टाकून पंगतीला बसतात, आणि हळद लागून जागा झालेला तो पहारेकरी सगळ्यात आधी खाटेवरून उठून पळतो, "आलो, अव्वा, आलो!" जगाच्या पाठीवर कुठल्या लढाईत असं होत असेल? झालं असतं तर माझे काही दोस्त आज असते. अव्वांना विचारून घेतलं होतं बरं का. त्या म्हणाल्या, "जेवायला बोलवाय माझी कसली हरकत? ऱ्हाऊ दे." पण बघायला काही वर आल्या नाहीत.

मग क्षमावाणीचा दिवस आला. भाद्रपदात यांचं पर्व संपलं की हे लोक घरोघर जाऊन हात जोडतात. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी, म्हणतात. आम्हा डोंगरातल्या माणसांना हे कुठलं ठाऊक? सकाळी सन्मती दारात उभा, धुतलेला सदरा, दोन्ही चपला एकाच रंगाच्या, हात जोडलेले. "सुभेदार, क्षमा असावी." मी मनात म्हटलं, याने माझी मोटारसायकल नेली आणि कुठेतरी आपटली. मी गाडी बघून आलो. ठीक होती. मागचं चाक, पुढचा दिवा, सगळं तपासलं. परत येऊन म्हणालो, "हे बघ, आधी काय केलंस ते सांग. मग क्षमेचं बघू." तो माझ्या पायरीवर बसला तो बसलाच. हसून हसून त्याचा आवाज बंद झाला. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "गावलं, सुभेदार. अव्वाला द्यायचं उत्तर गावलं!" आणि चहा न पिता पळाला.

तर त्याने काय केलं? प्रत्येक लढाई संपली की पुढचा दरवाजा बंद. तो कधी उघडायचा? ज्याला ज्याला हळद मारली, त्या प्रत्येकासमोर जाऊन हात जोडायचे तेव्हा. कीबोर्डावरची ती लांब कळ त्यासाठी ठेवली, आणि ती ओळखू यावी म्हणून प्रज्ञाने त्याच्या कीबोर्डावर ती हळदीसारखी पिवळी रंगवली. कळ दाबली की पडद्यावर बंदूक खाली जाते आणि आपले दोन हात जोडले जातात. आणि समोरचा पिवळाधमक माणूस आपल्याला काय काय सुनावतो! एक म्हणतो, "आदी काय केलंस ते सांग, मग बघू." दुसरा म्हणतो, "क्षमा दिली, पण सदरा कोण धुणार?" तिसरा नुसताच शिंकतो आणि आपल्याला परत हात जोडावे लागतात. त्या दिवशी पहिल्यांदा मीच खेळून बघितला. हळद मारताना हसत होतो. पण त्या पिवळ्या कळेवर बोट ठेवलं आणि... ती दाबायला मला जरा वेळ लागला. सन्मती शेजारी बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता. मग उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आला. यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही.

मोठ्या उत्साहाने तो अव्वांना सांगायला खाली गेला. मी जिन्यातच उभा होतो. अव्वांनी सगळं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "क्षमा मागायची हाय म्हणून आदी मारायचं व्हय रं?" संपलं! सन्मती तसाच परत वर आला. मी म्हटलं, जाऊ दे रं, आईचं काय मनावर घ्यायचं. तर म्हणाला, "न्हाई, सुभेदार. बरोबर हाय तिचं. ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाई." माणूस मोठा कशाने होतो? आपल्याकडे उत्तर नाही हे कबूल करूनही तो त्याच खोलीत बसून काम करत राहिला, त्याने मला तो मोठा वाटला.

पुण्याला एका कॉलेजात असले खेळ बनवणाऱ्यांचा मेळावा होता. मला म्हणाला, चला. मी ब्लेझर चढवला, पदकं लावली, म्हटलं होऊन जाऊ दे. सभागृहात बाकी टेबलांवर रक्ताचे सडे, मुंडकी उडतायत, आणि आमच्या टेबलावर पिवळे झालेले लोक भडंग खातायत. आधी पोरं लांबूनच हसली. मग एक आला. मग त्याने दोस्तांना बोलावलं. बघता बघता आमच्यापुढे रांग लागली, आणि बाकी टेबलांवर ज्यांचे खेळ होते ते लोकही रांगेत! इंग्रजीत बोलणारे, काळे शर्ट घातलेले, कानात बाळ्या असलेले मोठे मोठे पोरगे आमच्या सांगलीच्या टोळीवाल्यांपुढे हात जोडतायत आणि बोलणी खातायत. एका जाडजूड आयोजकाने सन्मतीला बाजूला घेऊन सांगितलं, हे क्षमेचं काढून टाका, पोरं कंटाळतील. सन्मती म्हणाला, "साहेब, रांग बघा की जरा. कंटाळलेली दिसत्यात व्हय?" माझी छाती इतकी फुगली की ब्लेझरचं बटण तुटलं. खोटं नाही सांगत, प्रज्ञाने ते टेबलाखालून शोधून दिलं. पुढे कुठल्या कुठल्या देशांतून लोक त्याला लिहायला लागले. एका परदेशी बाईने विचारलं होतं, संध्याकाळी ती आजी काय ओरडते? सन्मतीने अर्थ कळवला, तर तिचं उत्तर आलं, आता मीही माझ्या मुलांना असंच ओरडते.

जगभर नाव, आणि घरात? घरात पोराचं लग्न जमेना. अव्वांनी किती स्थळं आणली! अडायचं ते एकाच प्रश्नावर. मुलगा काय करतो? खेळ बनवतो. कसला? आता जैन सोयरिकीत बसून "गोळीबाराचा" असं कसं सांगायचं? अव्वांना खोटं बोलायचं नाही. त्या सरळ सांगायच्या, आणि पाव्हणे चहा पिऊन उठायचे. एकदा मी मध्ये पडलो. म्हटलं, "आवं पाव्हणं, मीबी आयुष्यभर गोळीबारच केलाय, मला दिली की बायको!" ते स्थळ तर चहा न पिताच गेलं. सन्मती माजघरात जमिनीवर बसून हसत होता आणि अव्वा त्याच्यावर डोळे वटारत होत्या. त्यांच्या कपाटात त्याच्या लग्नाचा पिवळा सदरा घडी करून ठेवलेला होता, हे मला नंतर कळलं.

... तो गेल्यावर अव्वा रडल्या, पण थोडं. बोलायच्याही थोडं. मात्र जेवण तुटलं. दिवस मावळायच्या आत सगळ्या गल्लीला जेवू घालणारी बाई, ती एका भाकरीतला चतकोर मोडायची आणि ताट सारायची. माझी बायको दवाखान्यातून येता येता रोज त्यांच्याकडे डोकवायची आणि घरी येऊन म्हणायची, "अहो, हे असं चालायचं नाही. त्यांच्या अंगात काही राहिलं नाही." सगळे दिवस झाले, पाव्हणे पांगले. वरच्या खोलीतलं सामान आवरायला एका दुपारी मी आणि प्रज्ञा गेलो. प्रज्ञा यंत्रं पुसत होती. मी वायरी गुंडाळत होतो, आणि गुंडाळता येत नव्हत्या. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शेवटच्या पायरीवर नेहमीसारखी थांबली. मग अव्वा उंबरा ओलांडून आत आल्या.

खोलीभर बघितलं. भिंतीला हात लावला. मग म्हणाल्या, "त्याचा आवाज हाय म्हणं त्यात. ऐकायचाय मला." प्रज्ञाने खेळ लावला, शेवटच्या दरवाज्यापर्यंत आणला. तिथे खाटेवर तो पहारेकरी झोपलेला, तोंडावर टोपी. अव्वा सन्मतीच्या खुर्चीत बसल्या. कुणी न सांगता त्यांनी ती पिवळी कळ ओळखली आणि दाबली. पडद्यावर हात जोडले गेले. पहारेकरी घोरतच राहिला. परत दाबली. परत तेच.

प्रज्ञा हळू आवाजात म्हणाली, "अव्वा, त्याला हळद लागल्याशिवाय तो बोलत नाही, संध्याकाळच्या हाकेलाही उठत नाही. पण थांबा, मी बदलते. नुसते हात जोडले तरी बोलेल असं करते. आत्ता होईल."

"नगं," अव्वा म्हणाल्या. "त्यानं केलंय तसं ऱ्हाऊ दे."

बराच वेळ त्या खाटेकडे बघत बसल्या. आयुष्यात मुंगीवर पाय न दिलेली बाई. मी मनात म्हटलं, उठतील आता, जातील खाली. तर मान न वळवता त्या म्हणाल्या, "सुभेदार, नेम कसा धरायचा?"

मी रंगरूटांच्या पलटणीच्या पलटणी शिकवल्या आहेत. अव्वांच्या खुर्चीमागे उभा राहिलो, म्हटलं, "आवं अव्वा, घाई करायची न्हाई. श्वास घ्या. अर्धा सोडा. आता हात थांबलाय बघा... आता." पहिली हळद खाटेच्या पायावर गेली. दुसरी भिंतीवर. तिसऱ्या वेळी अव्वांनी श्वास धरला, डोळ्यांतलं पाणी तसंच राहू दिलं आणि बोट दाबलं. पहारेकरी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झाला, खाटेवर उठून बसला आणि शिंकला. ती शिंक थेट सन्मतीची.

"हळद लावायची राहिली हुती माझी याला," अव्वा म्हणाल्या. "लागली एकदाची."

प्रज्ञा तोंडात ओढणी धरून भिंतीकडे वळली. अव्वांनी पिवळी कळ दाबली. पडद्यावरचे हात जोडले गेले, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचे स्वतःचेही हात कीबोर्डावरून उठून जोडले गेले होते. झोपेतून उठलेला तो आवाज म्हणाला, "असू दे, असू दे. माझंबी चुकलं असंल कायतरी. जेवान झालं न्हवं?"

खेळातला सूर्य कलत होता. पिवळं ऊन पडद्यावर लांब झालं, आणि मग त्यांचाच आवाज आला, खणखणीत, "जेवून घ्या रं सगळी!" आणि त्यावर तो, खाटेवरून उडी मारत, "आलो, अव्वा, आलो!"

त्या उठल्या. पदराने तोंड पुसलं, खुर्ची नीट सरकवली. खिडकीतून बाहेर बघितलं, अजून ऊन होतं. "चला, सुभेदार. प्रज्ञा, तूबी चल," म्हणाल्या. "दिवस मावळायच्या आत जेवून घेऊ." खाली त्यांनी स्वतः भाकऱ्या थापल्या. आम्ही तिघं जेवलो. अव्वांनी एक अख्खी भाकरी खाल्ली आणि वर अर्धी मागून घेतली.

सामान आवरायचं आम्ही सोडून दिलं. खोली आहे तशीच आहे, भडंगासकट. प्रज्ञा पुढचा खेळ तिथेच बनवतेय, हवालदाराच्या आवाजाला मी आहेच. आणि रोज ऊन कलायला लागलं की अव्वा वर जातात. त्यांचा नेम आता एकदाही चुकत नाही. गल्लीत माझ्या पायरीवर बसलं की वरच्या खिडकीतून आधी शिंक ऐकू येते, मग हाक, मग "आलो, अव्वा, आलो!" तेवढं ऐकतो आणि मीही उठून आत जेवायला जातो.